खोडरबर ठेव बाजूला, मास्क शिक

फोटोशॉपमध्ये फोटोची पार्श्वभूमी इरेझरने पुसत बसू नकोस. फाइल सेव्ह करून बंद केलीस की पुसलेलं परत येत नाही. लेअर मास्क, म्हणजे फोटोच्या लेअरला (थराला) जोडलेला काळा-पांढरा पडदा, काहीच पुसत नाही, नुसतं झाकतो. त्यावर पांढरं म्हणजे दिसणार, काळं म्हणजे लपणार, करडं म्हणजे अर्धवट दिसणार. आठ बिटच्या, म्हणजे नेहमीच्या, फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अशा २५६ पायऱ्या मिळतात, आणि खरी मजा त्या करड्यातच आहे.

केसांचंच बघ. कडक ब्रशने कापलेले केस टोप घातल्यासारखे दिसतात. मऊ ब्रश घे, फ्लो (ब्रशमधून रंग किती उतरतो ते) १० टक्क्यांवर आण आणि कडेवरून हलका हात फिरव. जास्त झाकलं गेलं? फोटोशॉपमध्ये 'एक्स' दाब, काळ्या-पांढऱ्याची अदलाबदल होते. तेवढाच भाग पुन्हा रंगव.

रंगवण्याआधी मास्कच्या थंबनेलवर (लेअर्स पॅनेलमधल्या त्याच्या छोट्या चित्रावर) क्लिक केलंयस ना, हे मात्र दरवेळी बघ. नाहीतर काळा फराटा थेट फोटोवर उमटतो. सुरुवातीला माझे कित्येक तास यातच गेले.

काम झालं की ऑल्ट (मॅकवर ऑप्शन) दाबून त्याच थंबनेलवर क्लिक कर. नुसता मास्क समोर येतो आणि राहून गेलेले ठिपके लगेच सापडतात.