बाई, ‘एक्स्पेल’ लिहू की ‘बॉयकॉट’?

प्रश्न : बाई, नमस्कार. आमच्या समाजाच्या मंडळाने गेल्या महिन्यात एका सभासदाचं नाव कमी केलं. वधू-वर मेळाव्याच्या हिशोबावरून ते सभेत फार बोलले होते. त्यांचा मुलगा पुण्याला आयटीत आहे, म्हणून पत्र इंग्रजीत द्यायचं ठरलंय. अध्यक्ष म्हणतात ‘बॉयकॉट’ लिहा, माझा मुलगा म्हणतो ‘बॅन’, मला ‘एक्स्पेल’ बरा वाटतो. खजिनदारांनी शब्दकोशातून ‘ऑस्ट्रसाइज’ काढलाय, तो भारदस्त वाटतो. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : समाजातल्या कोणी त्यांच्या घरच्या कार्याला जाऊ नये आणि त्यांना आपल्याकडे बोलावू नये. तिचंही इंग्रजी करून द्यावं.
एक सचिव, सिडको, नाशिक

उत्तर : खजिनदारांना आधी घेते, त्यांनी निदान शब्दकोश तरी उघडला. ‘ऑस्ट्रसाइज’च्या पोटात ‘ऑस्ट्राकॉन’ आहे, म्हणजे खापराचा तुकडा. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात अथेन्समध्ये वर्षातून एकदा लोकांना विचारायचे, यंदा कोणाला गावाबाहेर काढायचंय का? हो म्हणाले तर पुढे मतदान, आणि तेव्हा लोक खापरावर नाव खरडून टाकायचे. त्यासाठी ६,००० मतं लागत. नाव निघालं की माणूस १० वर्षं बाहेर. मात्र त्याचं घर, त्याची जमीन त्याचीच राहायची आणि मुदत भरली की तो उजळ माथ्याने परत यायचा. अरिस्टायडीस नावाच्या पुढाऱ्याची गोष्ट सांगतात. एका अडाणी माणसाने त्याला न ओळखता त्याच्याच हाती खापर दिलं आणि म्हणाला, अरिस्टायडीसचं नाव लिहून दे. त्याने तुझं काय वाईट केलं? काही नाही, जो तो त्याला न्यायी न्यायी म्हणतो, ते ऐकून कान किटले. त्याने मुकाट्याने लिहून दिलं म्हणे. तुमच्या सभेला किती जण होते ते तुम्ही कळवलं नाहीत, पण हिशोब विचारणाऱ्याचा कंटाळा यावा, हे मला फार ओळखीचं वाटलं.

आता अध्यक्ष. बॉयकॉट हे माणसाचं आडनाव. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न यांच्या जमिनीचा कारभारी होता. १८८० साली कुळांनी खंडात सूट मागितली आणि याने त्यांना घरं खाली करण्याच्या नोटिसा काढल्या. लोकांनी त्याला हातही लावला नाही. गडी कामावर यायचे थांबले, लोहार आणि धोबीण काम घेईनात, दुकानदार सामान देईना. शेवटी त्याचे बटाटे-सलगम काढायला बाहेरून ५० माणसं आणावी लागली आणि त्यांच्या राखणीला हजारभर शिपाई! तिथले पाद्री फादर ओमॅली आणि एक अमेरिकन पत्रकार या प्रकाराला नाव शोधत होते. ‘ऑस्ट्रसिझम’ शेतकऱ्यांना कळायचं नाही यावर दोघांचं एकमत झालं, तेव्हा फादर म्हणाले, सरळ ‘बॉयकॉट करणं’ म्हणू या की. म्हणजे तुमच्या अध्यक्षांचा आणि खजिनदारांचा वाद तिकडे केव्हाच मिटलाय.

पण दिशा बघा. तिथे खालच्यांनी वरच्यावर हत्यार उचललं होतं. लोकमान्यांच्या काळात आपण ‘बहिष्कार’ विलायती मालावर घातला, तोही तसाच, खालून वर. खुर्चीत बसलेल्या माणसाने हिशोब विचारणाऱ्याविरुद्ध हा शब्द वापरावा, म्हणजे कारभाऱ्याने कुळाला बॉयकॉट करण्यासारखं झालं.

तुमच्या मुलाचा ‘बॅन’ सोपा, पण तो गोष्टीला किंवा येण्याजाण्याला चिकटतो. पुस्तक बॅन होतं, खेळाडू दोन वर्षं बॅन होतो. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ जाहीर पुकारा करणं एवढाच होता. चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार नावं वाचून दाखवतात, त्या ‘बॅन्स’ याच कुळातल्या. तुमचं भांडणही वधू-वर मेळाव्यावरून, म्हणून सांगितलं.

राहिला तुमचा ‘एक्स्पेल’. तो बरोबर आहे. जो आत होता त्यालाच एक्स्पेल करता येतं. वर्गात हा फरक सांगताना मी मुलांना पंचवटीतल्या काळाराम मंदिराचं दार दाखवायची, शाळेपासून चालत दहा मिनिटं. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांनी तिथे सत्याग्रह सुरू केला. दाराबाहेर उभे होते त्यांना कोणी एक्स्पेल केलं नव्हतं, त्यांना कधी आत घेतलंच नव्हतं. त्याला ‘एक्स्क्लूड’. आणि नियमावर बोट ठेवून हक्क अडवला, परीक्षेला बसू दिलं नाही, तर ‘डीबार’. तेव्हा तुम्ही लिहा ‘एक्स्पेल्ड फ्रॉम मेंबरशिप’, पुढे सभेची तारीख, घटनेतला नियम क्रमांक आणि दाद कोणाकडे मागायची ते. नियम सापडत नसेल तर पत्रच पाठवू नका.

शेवटच्या ओळीचं इंग्रजी मला येतं. पण देणार नाही.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी काकांनी एका विधवेचं लग्न लावून दिलं आणि गावकीने आमचं घर वाळीत टाकलं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी नेहमीसारखी बाजरीचा डबा घेऊन गिरणीवर गेले. गिरणीवाला म्हणाला, गिरणी बंद आहे. त्याच्या मागे पट्टा फिरत होता, पीठ उडून त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, आणि तो माझ्याकडे न बघता दुसऱ्याच्या डब्याखालची पिशवी झटकत होता. मी तशीच उभी राहिले, मला वाटलं आता बंद करून परत चालू करेल. डबा भरलेला परत आणला तेव्हा आजी काही बोलली नाही. माळ्यावरचं जातं तिने खाली काढायला लावलं. रात्री आई आणि काकू दळत होत्या, आणि त्यांनी एकही ओवी म्हटली नाही.

तुमची ओळ तीच आहे, सचिवसाहेब, फक्त लेटरहेडवर. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, जुलै २०१७ पासून तो लागू आहे. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि घालायला लावणाराही सुटत नाही. पत्राखाली सही तुमची आहे, अध्यक्षांची नाही, हे लक्षात आलंय ना? मेळाव्याचा हिशोब मात्र इंग्रजीत मांडायचा असेल तर कागद घेऊन या, फुकट करून देईन.

प्रश्न : इंग्रजी पेपरात ‘एक्स्टर्न्ड’ वाचलं. मुलाच्या परदेशी शब्दकोशात हा अर्थ नाही. छपाईची चूक का?
एक गृहिणी, नाशिकरोड

उत्तर : चूक नाही, आपल्याकडचं कोर्टकचेरीचं इंग्रजी आहे. ‘एक्स्टर्न’ म्हणजे तडीपार. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली जास्तीत जास्त २ वर्षं जिल्ह्याबाहेर घालवता येतं. तड म्हणजे काठ, काम तडीस जातं त्यातलीच. लंडनच्या माणसाला हा शब्द कळणार नाही, पण आपल्या कुठल्याही पोलीस चौकीत कळेल.

प्रश्न : कॉलेजातून ‘रस्टिकेट’ केलं म्हणतात, त्याचा गंजाशी संबंध आहे का?
एक विद्यार्थी, गंगापूर रोड

उत्तर : गंजाशी नाही, गावाशी आहे. लॅटिनमध्ये ‘रस’ म्हणजे खेडं. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये दंगेखोर पोराला काही काळ विद्यापीठातून काढून गावाकडे धाडत, ते रस्टिकेट. आमच्या कॉलेजच्या फळ्यावर एकदा दोघा मुलांची अशी नोटीस लागली. घरी जेवताना मी वडिलांना शब्दाचा अर्थ सांगितला. त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, ‘ती पोरं तर रोज निफाडहून एसटीने येतात. त्यांना आता कुठे धाडणार?’