घरी सिनेमे बघायचा आणि रोजच्या सामानाचा खर्च कसा कमी करायचा? टीव्ही नो कॉस्ट ईएमआयवर घेऊ का?

"नो कॉस्ट ईएमआय" वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितेय. तुम्ही म्हणता घरात चार ॲप चालू आहेत, मोठा टीव्ही हप्त्यावर घ्यायचाय, सामानही फोनवरून येतं, मग पैसे वाचवायचे कुठे. ॲप एका वेळी एकच ठेवा, महिन्याचं घ्या, बघून झालं की बंद करा आणि दुसरं घ्या. ते उत्तर झालं. आता टीव्हीचं ऐका.

2022 च्या गणेशचवथीआधीची गोष्ट. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे, बाजारातल्या ओळखीच्या दुकानदाराने 55 इंची टीव्ही रोख 40 हजाराला द्यायचं कबूल केलं होतं, भिशीचे पैसे पण हातात होते. तेवढ्यात धाकटे दीर आले. वहिनी, रोख कशाला घालवता, ऑनलाइन 42 हजार आहे पण बारा हप्ते, व्याज शून्य, वर एका ॲपचं वर्ष फुकट. आमचे हे लगेच हो म्हणाले, भावाचा शब्द आला की ह्यांना हिशोब लागत नाही.

अहो, व्याज शून्य वगैरे काही नसतं. बँक व्याज घेतेच, फक्त तेवढी रक्कम विकणारा आधीच किमतीतून कमी करतो म्हणून आपल्याला 3500 चे बारा हप्ते बरोबर 42 हजार दिसतात. पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी कोणी सोडत नाही, तो आपल्याच कार्डावर पडतो. आमच्या कार्डाला 15 टक्के दर, म्हणजे वर्षाचं व्याज 3200 च्या थोडं वर, त्यावर जीएसटी 580 रुपये. प्रोसेसिंग फी 199, तिच्यावर पण जीएसटी, झाले 235. आणि दुकानात वाचणारे 2 हजार. एकूण 2815! हे मी बागायतदारच्या, म्हणजे आमच्या सहकारी दुकानाच्या, बिलाच्या मागे मांडून दाखवलं तर भावोजी हसले, तुम्ही हिशोबच करत बसा वहिनी, आम्ही सिनेमा बघतो.

बघितला कोणी सिनेमा? चवथीचे दिवस पोरांनी धिंगाणा घातला, पाव्हणे गेले तसा टीव्ही सासऱ्यांचा झाला, आणि ते सह्याद्री सोडून काही लावत नाहीत. सह्याद्री फ्री डिशवर दिसते, एकदा छत्री आणि डबा घेतला की महिन्याला एक पैसा लागत नाही. पुढच्या चवथीला फुकटचं वर्ष संपलं आणि कार्डातून 1499 गेले, ऑटोपे. पैसे कापायच्या 24 तास आधी बँकेने कळवायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि कळवलं पण होतं, ह्यांनी जाहिरात समजून पुसून टाकलं. तेव्हापासून दर एक तारखेला ह्यांचा फोन घेऊन कार्डाचे आणि यूपीआयचे ऑटोपे मी स्वतः तपासते, तुम्ही आजच बघा.

सामानाचं म्हणाल तर सासूबाईंचं पुरुमेंत, म्हणजे बेगमी. मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाऊन मिरच्या, सोलं, चिंच, सुकी मासळी, पावसाळ्याचं सगळं एकदम. तिघींकडे भाव विचारतात आणि चौथीकडे घेतात. बाकीचं महिन्यातून एकदा बागायतदारमधून, यादी करून, यादीबाहेरचं काही नाही. आमची जाऊ पणजीला असते, कोथिंबिरीच्या जुडीसाठी फोन उघडते आणि डिलिव्हरी फुकट पडावी म्हणून चिप्सची दोन पाकिटं टाकते. (ती भावोजींचीच बायको, वेगळं सांगायला नको.)

आता मी काही एवढी हट्टी नाही. ऐन मे महिन्यात फ्रीज बंद पडला आणि हातात पैसे नाहीत तर हप्त्यावर घ्या, कोण नको म्हणतंय. कधी कधी कार्डावरची सूट रोखीपेक्षा जास्त बसते हेही खरं, आधी दुकानात विचारा, मग ठरवा. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचाच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी 28 चा 18 झालाय, कोणी त्याच्या आधीचा भाव दाखवून सूट दिली म्हणत असेल तर ती सूट नव्हे.

भावोजी अजून मानत नाहीत. म्हणतात 2815 नाही, फक्त 815, कारण दुकानदाराने आयत्या वेळी 40 ला दिलाच नसता. दिला असता. त्याच आठवड्यात आमच्या शेजाऱ्यांनी तोच टीव्ही त्याच दुकानातून 40 ला आणला, बिलाचा फोटो माझ्याकडे आहे.