बाल्कनीतलं पातेलं

‘‘मॅडम, पाच माणसांत चार तऱ्हेचा स्वयंपाक करते, तरी कुणी धड जेवत नाही. माझ्या हाताची चव गेली का, सांगा की.’’

सांगलीत समुपदेशन करताना हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून सारखा ऐकू येतो. त्यातल्याच या एक ताई, पन्नाशीच्या. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. सासूबाई माळकरी, नवऱ्याला साखर, मुलाला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही आणि नवी सून रात्री फक्त कोशिंबीर आणि उकडलेली अंडी खाणारी. अंड्यांसाठी सुनेनं बाल्कनीत वेगळं पातेलं आणि शेगडी ठेवली होती. घर तापलं होतं ते त्यावरून.

मी म्हटलं, ‘‘ताई, काल रात्री कोण काय बोललं, तेवढंच शब्दाला शब्द सांगा.’’

‘‘ती म्हणाली, आई, मला भाकरी नको. मी म्हटलं, आमच्या हातचं आता कशाला चालेल!’’ आणि ताई गप्प झाल्या. बऱ्याच वेळानं पुटपुटल्या, ‘‘नको ती भाकरीला म्हणाली होती.’’

हा ‘नको’ किती लागतो, ते भाकरी थापणारीलाच कळतं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. गरम पाण्यात मळायचं, काठ चिरू न देता थापायचं, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं. एवढं करून ताटातून भाकरी परत आली, की आपल्यालाच बाजूला सारल्यासारखं वाटतं. ते दुखणं खरं आहे. मी ताईंना मन मोठं करा असं सांगितलं नाही.

पुढच्या वेळी सुनेला बोलावलं. पातेलं बाहेर का, असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘‘आजींच्या गळ्यात माळ आहे. त्यांच्या ओट्यावर अंडं कसं शिजवू?’’ ताई तिच्याकडे बघतच राहिल्या. वेगळी चूल मांडल्याचा राग त्या दोन महिने गिळत होत्या.

‘‘पण प्रथिनांसाठी अंडीच कशाला? डाळ-शेंगदाण्यात काय कमी आहे?’’ ताईंनी तरी विचारलंच. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं, मूठभर शेंगदाण्यातही जवळपास तितकीच. दोघींचंही बरोबर होतं. नवऱ्याच्या ताटाचं मात्र डॉक्टरांनाच विचारा म्हटलं. तिथं कुणाची आवड चालत नाही.

ठरलं ते साधंच. आमटी, भाजी, कोशिंबीर सगळ्यांची एक. त्यापलीकडचं ज्याचं त्यानं करायचं, भात मुलानं लावायचा. भाकरी किती, हे थापण्याआधी विचारायचं आणि दुसऱ्याच्या ताटावर जेवताना बोलायचं नाही.

परवा ताईंचा फोन आला. सासूबाई अजून अंड्यांवरून पुटपुटतात. मुलाचा भात दोनदा करपला. सून कधी अर्धी भाकरी मागते, कधी नाही. आणि पावसाचं पाणी आत येतं म्हणून त्या पातेल्यासाठी ताईंनी स्वतः बाल्कनीत फळी मारून घेतलीय.