वजन तेवढंच, मग जागेचा हट्ट कशाला?

प्रश्न : मुलगा विमानतळाच्या रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात तिथे, लोडिंगच्या कामाला लागलाय. पुढच्या होल्डचा (विमानाच्या पोटातल्या मालकप्प्याचा) टनभर माल चुकून मागे गेला, म्हणून निघायला आलेलं विमान थांबवून माल पुन्हा हलवला, असं सांगत होता. एकूण वजन तेवढंच असताना एवढा आटापिटा का?

उत्तर : हिशेबच करून पाहा. बोइंग 737-800 विमान, उड्डाणाचं वजन 60,000 किलो धरू. त्यातलं 1,000 किलो सामान 10 मीटर मागे सरकलं, तर 1,000 गुणिले 10 भागिले 60,000, म्हणजे अख्ख्या विमानाचा गुरुत्वमध्य (ज्या बिंदूवर त्याचं वजन तोललं जातं तो) सुमारे 17 सेंटिमीटर मागे जातो. वीतभरच! पण ही जागा पंखाच्या सरासरी रुंदीच्या टक्क्यांत मोजतात आणि या विमानात ती रुंदी जेमतेम 4 मीटर आहे. म्हणजे चार टक्क्यांहून जास्त फरक पडला.

पायलट मागे जाऊन होल्ड बघत नाही. लोडशीटवरच्या, म्हणजे कुठे किती वजन आहे त्या कागदावरच्या, आकड्यावरून तो शेपटीच्या आडव्या पंखाचं ट्रिम, म्हणजे त्याचा कोन, लावतो. माल खरोखर मागे असेल तर नाक अपेक्षेपेक्षा लवकर आणि जास्त उचललं जातं, शेपूट धावपट्टीला घासू शकतं. माल पुढे असेल तर नाक उचलायला जड जातं आणि धावपट्टी सरत जाते. 7 ऑगस्ट 1997 रोजी मायामीत फाइन एअरचं डीसी-8 मालवाहू विमान उडताच पडलं. आत डेनिम कापडाचे पॅलेट (माल रचून बांधायचे सपाट पाट) होते. माल कागदावरच्यापेक्षा जड आणि गुरुत्वमध्य मागे, त्यामुळे ट्रिम चुकीचं लागलं. विमानातले चार आणि जमिनीवरचा एक असे पाच जण गेले.

दर वेळी माल हलवावाच लागतो असं मात्र नाही. नवा गुरुत्वमध्य मर्यादेत बसत असेल तर नवी लोडशीट आणि नवं ट्रिम पुरतं. मर्यादेबाहेर गेला, तर दुसरा इलाज नाही.

चुका बहुतेक साध्याच असतात : पॅलेटचं स्वतःचं वजन धरलेलं नसतं, पाउंडाचा आकडा किलो म्हणून चढतो, ऑफलोड केलेला, म्हणजे उतरवून ठेवलेला, कंटेनर कागदावर तसाच राहतो. भरताना आधी पुढचा होल्ड, उतरवताना आधी मागचा. हा क्रम उलटला तर काही विमानं उभ्या जागी शेपटीवर बसतात. आणि मुलाला सांगा, माल जागेवर धरून ठेवणारी कुलपं नुसती बघू नकोस, हात लावून तपास. 2013 मध्ये बग्रामहून निघालेल्या 747 मध्ये नीट न बांधलेलं चिलखती वाहन मागे सरकलं, हायड्रॉलिक आणि शेपटीची यंत्रणा तुटली, सातही जण गेले.

प्रश्न : विमान अर्धं रिकामं असूनही उड्डाणाआधी जागा बदलू देत नाहीत. ही निव्वळ अडवणूक ना?

उत्तर : नाही. लोडशीटमध्ये प्रवासी पुढे, मध्ये आणि मागे किती, हेही धरलेलं असतं. वीस जण उठून मागे बसले तर दीड टनाच्या आसपास वजन हललं. माणसांचं वजनही ठरीव सरासरीनेच धरतात, आणि तिथेही घोळ होतो. जुलै 2020 मध्ये बर्मिंगहॅमहून पाल्माला निघालेल्या 737 च्या यादीत ‘मिस’ लावलेल्या 38 बायकांना संगणकाने लहान मुली समजून 69 ऐवजी 35 किलो धरलं. प्रत्यक्ष वजन कागदापेक्षा 1,244 किलोने जास्त निघालं. विमान सुखरूप पोचलं. जागा बदलायचीच असेल तर दारं बंद व्हायच्या आत विचारा. कर्मचाऱ्यांना तेव्हा आकडा दुरुस्त करता येतो.