विचारा तर खरं : व्हिएन्नात एक मोकळा दिवस

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. सप्टेंबरअखेर आम्ही दोघं टूरबरोबर युरोपला चाललोय. व्हिएन्नात एक अख्खा दिवस मोकळा आहे. बाकी मंडळी खरेदीला जाणार. मला दुकानांत रस नाही, पण चालायची सवय आहे : रोज सकाळी जॉगिंग ट्रॅक, अधूनमधून पांडवलेणी. शहराच्या कडेला पायी कुठे भटकता येईल? हे म्हणतात, ‘परक्या मुलखात आडवाटेला जायचं खूळ कशाला?’ भाषा येत नाही. वय ६२.
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : जा. आणि यांनाही न्या, नाहीतर आयुष्यभर ‘मी सांगत होतो’ ऐकावं लागेल.

मी स्वतः गेले होते तेव्हा ५९ वर्षांची होते, आणि जर्मनचं एक अक्षर येत नव्हतं. डी नंबरची ट्राम धरायची. ती ऑपेरा, पार्लमेंट वगैरे दाखवत शहराबाहेर जाते. शेवटचा थांबा नुसडॉर्फ. तिथून महापालिकेनेच आखलेली १ नंबरची पायवाट सुरू होते. पूर्ण फेरी साधारण ११ किलोमीटर, निवांत चाललं तर चार तास. वळणावळणावर पाट्या आहेत, वाचता आल्या नाहीत तरी १ हा आकडा कळतो. संगीतकार बीथोव्हेन या भागात राहायचा, ओढ्याकाठच्या रस्त्याला त्याचंच नाव आहे. पुढे काहलेनबर्ग नावाचा ४८४ मीटर उंचीचा डोंगर. पांडवलेणी चढणाऱ्या बाईने त्याला भ्यायचं कारण नाही.

खरी मजा मधल्या द्राक्षबागांची. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, त्यामुळे मी तिथे अर्धा तास नुसती उभीच राहिले. आपल्याकडे मांडव डोक्यावर, घड वरून लोंबणारे. तिथे तारांवर उभ्या ओळी, आणि उतार इतका की वाटलं, इथे ट्रॅक्टर चालतो तरी कसा? घड मुठीएवढे, मणी वाटाण्याएवढे. ना थिनिंग (मण्यांची विरळणी), ना मणी फुगवणाऱ्या जीए संजीवकाचं पाणी. आमच्या अण्णांनी बघितले असते तर म्हणाले असते, ‘हा माल मार्केटला कोण घेईल?’ पण ही वाइनची द्राक्षं, त्यांना साइज नको, रस हवा. तुम्ही जाल तेव्हा तोडणी चालू असेल. हात शिवशिवतील, पण एक मणीही तोडू नका. आपल्या बागेत कोणी शिरलं तर आपण काय करतो, ते आठवा.

नुसडॉर्फ, ग्रिन्त्सिंग ही मुळात गावंच, १८९२ मध्ये शहरात घेतली. पण १९०५ मध्ये नगरसभेने ठरवलं की शहराभोवतीचं रान आणि कुरणं मोकळीच राखायची. म्हणून आजही ट्रामच्या शेवटच्या थांब्यावरून चालत बागेत आणि रानात शिरता येतं. मखमलाबादकडे बागा जाऊन प्लॉट पडताना पाहिलेत, त्यामुळे मला त्या बागांचा जरा हेवाच वाटला.

काहलेनबर्गवरून डॅन्यूब नदी आणि सगळं शहर दिसतं. १६८३ मध्ये तुर्कांचा वेढा फोडायला पोलंडच्या राजाचं सैन्य याच डोंगरावरून उतरलं. त्या वर्षी आपला रामशेज किल्ला मोगलांच्या वेढ्यात झुंजत होता. हे त्या राजाला कोणी सांगितलं नसणार!

आता माझी चूक ऐका. पुढचा लेओपोल्ड्सबर्ग डोंगर बघून मी हौसेने ‘नाझेनवेग’ नावाच्या पायवाटेने नदीकडे उतरले. वळणावळणाची, पायऱ्यांची, खडी उतरण. चढताना काही झालं नाही, उतरताना गुडघ्यांनी दावा मांडला. पुढचे दोन दिवस म्युझियममध्ये मी फक्त बाकं बघितली. तुम्ही काहलेनबर्गवरूनच ३८ए बसने खाली या. ती ग्रिन्त्सिंगवरून हायलिगेनश्टाटच्या मेट्रोपाशी सोडते. म्हणजे ‘परत कसे येणार’ हा यांचा प्रश्नही मिटला.

किरकोळ गोष्टी : नळाचं पाणी डोंगरातल्या झऱ्यांचं असतं, बाटली हॉटेलातच भरून घ्या. रविवार असेल तर बहुतेक दुकानं बंद. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. हॉटेलचं कार्ड खिशात हवं. पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो, तीननंतर चढायला सुरुवात करू नका.

खाली उतरल्यावर एखाद्या दारावर पाइनच्या डहाळ्यांची जुडी टांगलेली दिसेल. म्हणजे आत बागाईतदार स्वतःची वाइन विकतोय. १७८४ मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने तशी मुभा दिली, ती आजही चालू आहे. अंगणात लाकडी बाकं असतात, पाव आणि वर लावायचं तिखटसर चीज मिळतं. वाइन नको असेल तर ‘ट्राउबेनझाफ्ट’ एवढा एकच शब्द पाठ करा. द्राक्षाचा रस. मी दोन ग्लास प्यायले, आणि दुसऱ्या वेळी मालकाला हातवारे करून सांगून टाकलं की आमच्याकडे द्राक्षं एवढी मोठी असतात. त्याचा काही विश्वास बसला नाही.