मे महिन्यात श्रीलंका, सोबत मुलं आणि आजी-आजोबा: आधी किनारा ठरवा, मग हॉटेल

ताई, तुमचा प्रश्न वाचला. आठ आणि तेरा वर्षांची मुलं, सासू-सासरे, तुम्ही दोघं, शाळेची मेची सुट्टी, आठ रात्री, मुलांना रॅफ्टिंग-झिपलाइन-स्नॉर्कलिंग सगळं हवंय आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. एजंटने जे पॅकेज दिलंय त्यात कोलंबो, बेंटोटा, मिरिसा, यालाचं जंगल, एल्ला, नुवारा एलिया, कँडी आणि सिगिरिया, म्हणजे आठ रात्रीत आठ हॉटेलं. तुम्ही विचारलंय की यातलं काय कमी करू. मी म्हणेन हा कागद बाजूलाच ठेवा, कारण गडबड हॉटेलांच्या संख्येत आहेच पण त्याहून मोठी गडबड किनाऱ्यात आहे.

श्रीलंकेत पाऊस दोनदा येतो आणि दोन वेगवेगळ्या बाजूंना येतो. नैऋत्येचा मान्सून साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, तो बेंटोटा, गॉल, मिरिसा ही बाजू आणि डोंगरांचा पश्चिम उतार भिजवतो, आणि तिकडचा समुद्र तेव्हा चांगलाच खवळलेला असतो. ईशान्येचा पाऊस हिवाळ्यात, तो उत्तर आणि पूर्वेला. म्हणजे डिसेंबरच्या सुट्टीत गेलात तर मिरिसा बरोबर, मेमध्ये गेलात तर त्रिंकोमाली, निलावेली, पासीकुडा बरोबर. मिरिसाचे व्हेल तर नोव्हेंबर ते एप्रिलचे. तुमच्या एजंटने डिसेंबरचं पॅकेज मेला चिकटवलंय, आणि आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना हेच दिलं जातं कारण इंदूरला बसून समुद्राचा ऋतू कोण बघतो, आपल्याला पाऊस म्हणजे जूनचा शेवट एवढंच ठाऊक. मुलं बीचवर लाल झेंडा बघत हॉटेलच्या पूलमध्ये बसतील आणि पैसे मात्र पूर्ण जातील, म्हणून एवढं लांबण लावून सांगतेय.

आमच्या कुटुंबात पण मुलं आणि म्हातारी माणसं एकत्रच जातात, तर तुमच्या आठ रात्री मी अशा लावेन: सिगिरिया-हबरना भागात तीन, निलावेलीला तीन, कँडीला दोन. बस. तीन मुक्काम, तीनदाच सामान उचलायचं. कोलंबोचं विमानतळ खरं तर शहराच्या उत्तरेला कटुनायकेला आहे, तिथून शहरात न शिरता सरळ सिगिरियाकडे निघता येतं, साडेतीन-चार तास धरा. तिथून निलावेली अडीच तासाच्या आसपास, निलावेलीहून कँडी हा मात्र लांबचा दिवस, जेवणखाण धरून सहा तास जातात. नकाशावर अंतरं एवढीशी दिसतात पण एक्सप्रेसवे सोडला की ताशी पस्तीस-चाळीसच्या वर गाडी सरकत नाही, तेव्हा किलोमीटर मोजू नका, तास मोजा.

एल्ला सोडायला सांगतेय म्हणून मुलं रागावतील, मला कळतं, नऊ कमानींचा पूल आणि झिपलाइन दोन्ही तिथेच आहे. पण एल्लाला निदान दोन रात्री पाहिजेत आणि परतीला विमानतळापर्यंत गाडीत सहा-सात तास. सासूबाई त्या दिवशी काय करणार? दहा-अकरा रात्री मिळाल्या तर जरूर घाला. आणि कँडी-एल्ला ट्रेनचं बुकिंग करायच्या आधी ती लाइन पूर्ण चालू आहे का ते विचारा, नोव्हेंबर 2025 च्या दितवा वादळात डोंगरातल्या रेल्वेमार्गाचं बरंच नुकसान झालं होतं.

आता सिगिरिया. पाचव्या शतकातल्या कश्यप राजाचा किल्ला, एका उभ्या कातळाच्या माथ्यावर, साधारण बाराशे पायऱ्या. मे महिन्यात तिथे कडक ऊन असतं, तेव्हा सकाळी फाटक उघडतानाच आत असायचं, नऊनंतर चढणं मुलांनाही जड जातं. पहिला टप्पा बागांचा, एकदम सपाट, दोन्ही बाजूंना जुने हौद आणि कारंज्यांच्या जागा, तो सासू-सासऱ्यांनी आरामात बघावा आणि तिथेच झाडाखाली थांबावं, खाली म्युझियम पण छान आहे. मधे कातळापाशी बांधलेल्या सिंहाच्या मोठ्या पंजांपर्यंत दगडी पायऱ्या आहेत, आणि त्याच्या पुढे कातळाला ठोकलेला लोखंडी जिना. खरी परीक्षा ती. जिन्याच्या फटीतून खालची झाडं दिसतात, वारा सुटलेला असतो आणि मागे माणसांची रांग, मधेच वळून उतरायला जागा कमी. आठ वर्षांच्या मुलाला पंजांपाशी उभं करून सरळ विचारा, जायचं का? नाही म्हणाला तर तुमच्यापैकी एकाने त्याच्याबरोबर तिथेच बसायचं, आग्रह नाही. तिथल्या कड्यावर गांधीलमाशांची मोठी पोळी आहेत, शांत राहा अशा पाट्या लावल्यात, त्या मनावर घ्या. सार्क देशांच्या नागरिकांना तिथे परदेशी लोकांपेक्षा कमी तिकीट असतं, पण खिडकीवर मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो, फोटो चालेल असं समजू नका.

याच भागात दुपारनंतर हत्तींची जीप सफारी होते. मिनेरिया, कौडुल्ला आणि हुरुलु ही तीन जंगलं जवळजवळ आहेत आणि हत्ती पाण्यामागे फिरतात, तलावावरचा तो प्रसिद्ध मोठा मेळा मात्र जुलै ते ऑक्टोबरचा, मेमध्ये तेवढे कळप दिसतील अशी आशा धरू नका. जीपवाल्याला ‘मिनेरियाच’ असं सांगू नका, ‘आज हत्ती कुठे आहेत’ असं विचारा. सासऱ्यांची पाठ दुखत असेल तर त्यांना ड्रायव्हरशेजारची सीट द्या, मागच्या बाकावर हाडं खिळखिळी होतात.

निलावेली ही माझ्या मते तुमच्या ट्रिपची मुख्य गोष्ट. किनाऱ्यापासून किलोमीटरभर आत पिजन आयलंड आहे, नॅशनल पार्क आहे, वन्यजीव खात्याचं तिकीट काढून बोटीने दहा-पंधरा मिनिटांत पोचतो. किनाऱ्याला लागूनच प्रवाळ, त्यामुळे कमरेएवढ्या पाण्यात मास्क घालून तोंड बुडवलं तरी रंगीत मासे दिसायला लागतात, आणि नशीब असेल तर काळ्या टोकाच्या परांचे लहान शार्क, जे माणसाच्या वाटेला जात नाहीत. शनिवार-रविवार टाळा आणि सकाळची पहिली बोट घ्या, तेव्हा पाणी स्वच्छ आणि गर्दी कमी. प्रवाळाचे तुकडे काचेसारखे कापतात, तर पाण्यातले बूट न्या, आणि प्रवाळावर उभं राहायचं नाही, हे मुलांना बोटीत बसायच्या आधीच बजावून सांगा.

मास्कचं एक सांगते, कारण बहुतेक मुलांचं स्नॉर्कलिंग इथेच फसतं. भाड्याचा मास्क घेताना पट्टा डोक्यामागे न लावता नुसता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. मास्क चिकटून राहिला तर बरोबर, गळून पडला तर दुसरा मागायचा, पट्टा घट्ट आवळून काही होत नाही. केसांची एक बट जरी कडेखाली आली तरी पाणी शिरतं. आणि हे सगळं तिथे पहिल्यांदा करू नका, एप्रिलमध्ये इंदूरलाच कुठल्याही तरणतालावर आठ-दहा दिवस मुलांना मास्क आणि नळी घेऊन उतरवा, नळीत पाणी गेलं की जोरात फुंकून काढायचं हे जमलं की भीती अर्धी होते. पोहता येत असलं तरी समुद्रात लाइफ जॅकेट. मोठ्यांना पण.

समुद्राची ओढ आपल्याला कळत नाही हे मान्य करूनच पाण्यात उतरावं. पाणी आत ओढतंय असं वाटलं की किनाऱ्याकडे झुंजत पोहायचं नाही, किनाऱ्याला समांतर आडवं जायचं, ओढीचा पट्टा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडलं की मग परत फिरायचं. मुलांकडून हे घरीच पाठ करून घ्या. रॅफ्टिंगचंही तसंच, केलनी नदीवर कितुलगला इथे होतं आणि कँडीहून तिकडे जाता येतं, पण तो भाग मान्सूनच्या वाटेवर आहे आणि पाणी वरच्या धरणातून किती सोडलंय त्यावर असतं. मेच्या पहिल्या पंधरवड्यात असाल तर आदल्या दिवशी विचारून तेरा वर्षांच्या मुलाला न्या, शेवटच्या आठवड्यात जोराचा पाऊस लागला असेल तर सरळ रद्द करा, ऍडव्हान्स गेला तर जाऊ दे. 2011 मध्ये आपल्या पाताळपाणी धबधब्याला वरून अचानक लोंढा आला आणि माणसं वाहून गेली, ते इंदूरमध्ये कोणी विसरलेलं नाही.

निलावेलीजवळच्या त्रिंकोमालीचा फायदा असा की सासू-सासऱ्यांनाही तिथे मन लागतं. समुद्रावरच्या कड्यावर कोणेश्वरम हे शंकराचं मंदिर आहे, संध्याकाळी आरतीच्या वेळी जा, आणि जवळच कन्नियाला गरम पाण्याचे सात छोटे हौद, ज्यांची गोष्ट रावणाशी जोडलेली आहे. मुलं पिजन आयलंडला गेली की हे दोघं तिकडे, असं दोन गटांत वाटून घेता येतं. मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, की रोज सकाळी एकच दमवणारी गोष्ट ठेवायची आणि जे येणार नाहीत त्यांच्यासाठी त्याच वेळेची दुसरी जागा आधी ठरवायची, नाहीतर आजी-आजोबा अख्खी ट्रिप पिशव्या सांभाळत बसतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. त्या बाजूला उन्हाळ्यात देवमासेही दिसतात, किनाऱ्याजवळच समुद्र फार खोल आहे म्हणून, पण बोटीत तासन्‌तास हेलकावे खावे लागतात, धाकट्याला न्यायच्या आधी विचार करा.

कँडीला दोन दिवस हलके ठेवा. पावसाच्या सरी येतील, चालेल. मोठ्या मुलाला घेऊन नकल्सच्या डोंगरात अर्ध्या दिवसाचा ट्रेक करा, वाटाड्या घेऊनच, धुकं पटकन उतरतं. तिथे जळवा असतात. पायमोजात पॅन्ट खोचायची, थांबलं की घोटे तपासायचे, आणि लागलीच तर ओढायची नाही, नख तिच्या पातळ टोकाखाली सरकवून सोडवायची. रक्त थोडा वेळ वाहतं, दुखत नाही, पण पहिल्यांदा बघून मूल घाबरतं तर आधीच सांगून ठेवा. घरी तयारी म्हणून मार्चपासून रविवारी रालामंडलची टेकडी चढा-उतरा, सगळ्यांनी.

खाणं. तुम्ही शाकाहारी आहात म्हणून लक्षात ठेवा, तिथे भाजीत आणि खोबऱ्याच्या सांबोळात सुद्धा उंबलकड म्हणजे वाळवलेल्या माशाचा चुरा घालतात, आणि त्यांच्या हिशोबाने ती भाजीच असते. ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, ‘उंबलकड एपा’ म्हणजे ते नको, असं स्पष्ट सांगा. त्रिंकोमालीला तमिळ शाकाहारी हॉटेलं आहेत, इडली-डोसा मिळतो, चिंता नाही. बाकी परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली डाळ, आप्पे नव्हे पण कडा कुरकुरीत असलेले हॉपर म्हणजे वाटीसारखे तांदळाचे डोसे, आणि म्हशीचं दही त्यावर कितुल माडाचा काकवीसारखा पाक, हे मुलं आवडीने खातात. आपली सेव आणि जीरावनाची पुडी न्याच, लांबच्या गाडीप्रवासात सासऱ्यांना घरचं वाटतं.

तब्येतीचं थोडक्यात: मलेरिया तिथून 2016 मध्ये हद्दपार झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलंय, पण डेंग्यू आहे आणि तो डास दिवसा चावतो, तर क्रीम सकाळपासून लावा. आजी-आजोबांची औषधं प्रिस्क्रिप्शनसकट हातातल्या बॅगेत. अँब्युलन्सचा नंबर 1990, ती सेवा फुकट आहे आणि भारताच्या मदतीनेच सुरू झाली. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना दोन ओळी स्वतः वाचा, ऍडव्हेंचर स्पोर्ट धरलाय का आणि बीपी-शुगरसारखे जुने आजार धरलेत का. एजंट ‘सगळं कव्हर आहे’ म्हणतो, पॉलिसीत लिहिलेलं असतं वेगळंच.

गाडी सहा माणसांना केडीएच (टोयोटाची मोठी) व्हॅन घ्या, ड्रायव्हरसकट, पण बुक करताना सगळ्या सीटना बेल्ट आहेत का आणि हॉटेलात ड्रायव्हरच्या राहण्या-जेवणाची सोय आहे का हे विचारा, रात्रभर नीट न झोपलेला ड्रायव्हर घाटात नको. फेब्रुवारी 2024 पासून तिथे यूपीआय सुरू झालंय पण छोट्या गावांत रोख लागतेच. देवळांत खांदे-गुडघे झाकलेले, आणि बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून फोटो अजिबात नाही, तिथे हा खरोखर गुन्हा मानतात, तेरा वर्षांच्या सेल्फीवाल्याला नीट समजवा.

इंदूरहून थेट विमान नाही, चेन्नई, मुंबई किंवा बंगळुरूहून जावं लागेल. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढू नका, एकाच पीएनआरवर काढा, म्हणजे पहिलं विमान लेट झालं तर पुढची जबाबदारी त्यांची. ई-व्हिसा फक्त श्रीलंकेच्या सरकारी वेबसाइटवरून, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या साइट जास्तीचे पैसे उकळतात, आणि नियम मधेमधे बदलतात तर तिकीट काढायच्या आठवड्यात पुन्हा बघा. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, धाकट्याचा कधी संपतो ते आजच काढून बघा, प्रवासाच्या दिवशी सहा महिने तरी शिल्लक पाहिजेत.

आणि तारखा पक्क्या करायच्या आधी वेसाक पौर्णिमा, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा, कधी आहे ते बघा, बहुतेक मेमध्येच येते. गावोगाव कंदील, रस्त्यावर फुकट जेवणाचे मांडव, बघण्यासारखं असतं, पण त्या दिवसांत कँडीत हॉटेल मिळत नाही आणि रस्ते तुंबलेले असतात. ते दिवस निलावेलीला पडतील असं बसवता आलं तर बसवा. तारखा कळवा, मग व्हॅनचा आणि हॉटेलांचा अंदाजे खर्च सोबत बसून काढू.