१२३४५६७९ ही मूळ संख्या आहे का? यात ८ का नाही?

तुमच्या कापसाच्या काटापावतीवर आलेला हा नंबर फार सुंदर आहे. मूळ संख्या मात्र नाही. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: १२ + ३४५ + ६७९ = १०३६. पुन्हा तेच करा: १ + ३६ = ३७. म्हणजे ३७ ने नक्की भाग जातो, कारण ९९९ ला ३७ ने भाग जातो. ३७ × ३३३६६७ = १२३४५६७९, आणि हे दोन्ही अवयव मूळ आहेत.

आता अंकांची बेरीज करा. तीही ३७! अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्येला आपल्या देवळालीच्या कापरेकर गुरुजींनी ‘हर्षद’ हे नाव दिलं.

८ चं कारण हातच्यात आहे. १ ला ८१ ने भागलं की ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... येतं. खरं तर हा ०, १, २, ३ असा एकेक घर पुढे सरकत मांडलेल्या संख्यांचा क्रम आहे. ९ नंतर १० येतो, त्याचा हातचा ९ वर चढतो, ९ चे १० होतात, त्यांचा हातचा ८ वर जातो आणि ८ चा ९ होतो. म्हणून ८ दिसत नाही.

यवतमाळकडच्या आमच्या शाळेत मी पोट्ट्यांना आवडता अंक विचारतो. ७ म्हणाले, तर ७ × ९ = ६३ ने याला गुणायला लावतो. फळ्यावर ७७७७७७७७७ उमटलं की सगळा वर्ग आपापल्या अंकाने करून पाहायला लागतो.